तांदळातलं नाव

सर कुणालाही नमस्कार करत नसत. समोर माणूस आला की पहिला आणि बहुतेक वेळा एकमेव प्रश्न: "नाव?" आडनावाशी त्यांना कर्तव्य नव्हतं, गावाशी नव्हतं, आणि आपल्याकडे लोक तिसऱ्या-चौथ्या वाक्याला आडून आडून जे विचारतात त्याच्याशी तर मुळीच नव्हतं. फक्त नाव. ते ऐकलं की सर डोळे मिटायचे, ओठांतल्या ओठांत नाव घोळवायचे, आणि मग निकाल द्यायचे.

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं मागायला मी गेले, तेव्हा माझाही असाच निकाल लागला. माझी कळमेश्वरच्या एमआयडीसीत मसाल्याच्या कारखान्यात नुकतीच नोकरी लागली होती. मी पगाराचा कागद, कंपनीचं ओळखपत्र, सगळं घेऊन गेले होते. त्यातलं त्यांनी काही बघितलं नाही. डोळे मिटले, नाव घोळवलं आणि म्हणाले, "युरोपात कुठंच काही नाही. अर्थ नाही, अनर्थही नाही. राहा."

मला राग यायला हवा होता की आनंद व्हायला हवा होता, हे आजही ठरलेलं नाही. आतून एक बारीक आवाज आला, "अहो, पोरीले पानी त पिऊ द्या आधी." त्या काकू. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून असं हसल्या की त्या हसण्यावरच मी खोली घेऊन टाकली.

सर कॉलेजात फ्रेंच आणि जर्मन शिकवून निवृत्त झालेले. बाकीच्या भाषा त्यांनी स्वतःच्या हट्टानं मिळवलेल्या. काही रेडिओवरून, काही जुन्या पुस्तकांच्या बाजारातून आणलेल्या शब्दकोशांतून. रेडिओच्या लघुलहरींवर खरखरीतून येणारं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून भर मे महिन्यात ते कूलर बंद ठेवायचे, डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसायचे आणि घामानं निथळत पोर्तुगालच्या बातम्या ऐकायचे. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवणारा माणूस एक तर संत असतो नाही तर वेडा. गल्लीनं त्यांना दुसऱ्या खान्यात टाकलं होतं, पण आदरानं.

कारण गल्लीला त्यांची गरज होती. आजूबाजूची पोरं शिकून जर्मनीला, हॉलंडला, स्वीडनला जाऊ लागली होती. पोरांना पोरं होऊ लागली होती. मग बारशाच्या आधी कुणीतरी पेढ्यांचा डबा घेऊन यायचं आणि पायरीवर बसायचं. "सर, तेवढं नाव पाहून द्या." सरांचं म्हणणं असं, की आपल्या गावात नाव कपडे घालून हिंडतं. त्याला आजीची माया असते, देवाचा आधार असतो, शेजाऱ्यांची सवय असते. सीमा ओलांडली की ते उघडं पडतं. मग तिथले लोक त्याला आपल्या भाषेचे कपडे घालतात आणि ते अंगाला येतीलच असं नाही.

ओम नावाचं बाळ आलं तर ते सांगत, "रुमानियात गेला तर ओम म्हणजे माणूस. उत्तम. स्वीडनला गेला तर ओम म्हणजे 'जर'. आयुष्यभर अर्धं वाक्य होऊन फिरेल." गीता म्हणजे इटलीत सहल. लता म्हणजे पोलंडमध्ये वर्षं आणि स्पेनमध्ये पत्र्याचा डबा. राणा आडनावाचे एक ठेकेदार गल्लीच्या तोंडाशी राहायचे, त्यांना स्पॅनिशमध्ये आपण बेडूक आहोत हे कळल्यापासून त्यांनी सरांच्या घरावरून जाणं सोडलं.

गल्लीत एक पिवळं कुत्रं होतं, ते सरांच्या पायरीवरच पडलेलं असे. त्याला मात्र सरांनी नाव दिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "त्याला कुठं जायचंय?"

हे विनोदानं म्हटलेलं नव्हतं. सर विनोद करत नसत. आणि खरं सांगायचं तर ते स्वतःही कुठं गेलेले नव्हते. ज्या युरोपातल्या गल्लीबोळांत कुठलं नाव कसं ऐकू येईल हे ते सांगायचे, त्या युरोपात त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. हे मला कळलं तेव्हा मी हसले होते. पुढं हसू आलं नाही.

सरांना मूलबाळ नव्हतं. अख्ख्या नंदनवनातल्या लेकरांची नावं तपासणाऱ्या या घरात पाळणा कधी हलला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे. सरांच्या निकालाविरुद्ध मात्र एक बाई बोलल्या. त्या इतवारीच्या बाजारपेठेतून आल्या होत्या. भांड्यांचं मोठं दुकान असलेलं घर, आणि या बाई म्हणजे बाळाची आत्या. नाव ठेवायचा मान त्यांचा. त्यांनी ठरवलं होतं तारा, आणि बाळाचा बाप नोकरीसाठी माद्रिदला निघालेला असल्यामुळे सरांना विचारून आला होता. सरांनी नाव फेटाळलं. त्यावरून आत्याबाई रिक्षा करून भांडायला आल्या. मी त्या दिवशी सुट्टीवर होते आणि जिन्यात बसून सगळं ऐकत होते.

"काय हो मास्तर, आमच्या पोरीत खोट काढून राहिले का तुम्ही?"

"मी नाही," सर शांतपणे म्हणाले. "स्पॅनिशमध्ये तारा म्हणजे खोट. दोष. आणि इटालियनमध्ये तारा म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन. तुमचा तर भांड्यांचाच धंदा आहे."

"पोरगी इथं जन्मली, दवाखाना सक्करदऱ्याचा, आन नाव स्पेनवाल्यायले विचारून ठेवाचं? ते येतात का आमाले विचाराले त्यायच्या पोरायची नावं ठेवताना?"

खरं म्हणजे चांगलाच मुद्दा होता तो. काकू पाणी घेऊन आल्या. आत्याबाईंनी पाणी घेतलं, काकूंकडे नीट बघितलं आणि एकदम आवाज उतरवून विचारलं, "यायनं तुमचंई नाव पाहूनच ठेवलं असंन. माहेरचं नाव काय होतं वं बाई?"

काकूंनी पदर सारखा केला. "काय करता त्याचं आता," असं काहीसं पुटपुटल्या.

सर म्हणाले, "मीरा. त्यांचं नाव मीरा आहे."

आत्याबाईंनी प्याला खाली ठेवला. "तुमाले नाही विचारलं," एवढं म्हणून त्या उठल्या. बाळाचं नाव त्यांनी ताराच ठेवलं, असं पुढं कानावर आलं. मला आतून बरं वाटलं.

मीरा या नावावर सर खुलायचे. एरवी तुटक बोलणारा माणूस, पण हा विषय निघाला की खुर्ची पुढं ओढायचे. "बघा, केवढंसं नाव आहे. दोन अक्षरं. स्पेनमध्ये म्हटलं तर, बघ. इकडे बघ. इटलीत म्हटलं तर नेम, बाण मारताना धरतो तो. अल्बानियात चांगली. लॅटिनमध्ये नवलाची. आणि रशियनमध्ये तर कहरच. जग आणि शांतता या दोन्हींना त्यांच्याकडे एकच शब्द आहे, आणि मीरा म्हणजे त्या जगाचं, त्या शांततेचं. अख्खा युरोप हिंडून या, कुठंही या नावाला कुणी हसणार नाही. असं नाव शोधायला मला सहा महिने लागले."

हे नाव त्यांनी शोधलं होतं स्वतःच्या लग्नासाठी. आपल्याकडे लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. सर कोष्ट्याच्या घरातले, वडील मागावर बसणारे, आणि ते स्वतः त्या अख्ख्या घरातले पहिले शिकलेले. बायको उमरेडकडच्या खेड्यातली, तिच्याही घरी माग. मांडवातल्या बायकांना वाटलं, लक्ष्मी लिहील, रुक्मिणी लिहील. त्यांनी लिहिलं मीरा. आता मीरा हे काही परकं नाव नाही, बायकांना ते भक्तीचंच वाटलं असणार. त्या तांदळात अल्बानिया आहे हे एकट्या नवरदेवाला माहीत.

ही झाली सरांची बाजू. काकूंची बाजू मला एका हिवाळ्यात कळली. दुपारी त्या मागच्या अंगणात उन्हात बसून तांदूळ निवडायच्या. रोज निवडायच्या. हल्ली पिशवीत येणाऱ्या तांदळात खडा औषधालाही सापडत नाही, पण काकूंचा विश्वास नव्हता. मांडीवर ताट, बोटं भराभरा चालू. रविवारी मी केस वाळवत त्यांच्या शेजारी बसायची.

"मले त लग्नाच्या बाद वाटे, हे दुसऱ्याच कोनाले हाक मारून राहिले," त्या म्हणाल्या. "मीरा, मीरा. मी वळूनच नाही पाहे. सासू म्हने, बहिरी हाय का काय पोरगी. बहिरी नव्हती वं मी. पन मले का मालूम, मीरा म्हनजे मी."

"मग तुमचं नाव काय होतं काकू?"

त्यांनी घराकडे एक नजर टाकली, आणि मग चोरून चिंच खाणाऱ्या पोरीसारखं हसून सांगितलं, "पंचफुला."

नाव सांगितल्यावर त्यांचा आवाजच बदलला. पंचफुला बापाच्या मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची. पंचफुलाला चार भावांत ती एकटी म्हणून बाप बाजारातून खारे फुटाणे आणायचा. पंचफुलाला चौथीनंतर शाळेतून काढलं, तेव्हा तिनं बापाशी अबोला धरला. सगळं असं, पंचफुलाला, पंचफुलानं. मी असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मग आतून सरांची हाक आली, "मीरा!" आणि त्या ताट घेऊन उठल्या.

सरांनी त्यांना एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. माझं नाव मीरा आहे. स्पॅनिशमध्ये मे यामो मीरा. इटालियनमध्ये मी क्यामो मीरा. जर्मनमध्ये इश हाइसं मीरा. रशियनमध्ये मिन्या झवूत मीरा. आपण दोघं तिकडं गेलो की विमानतळावर कुणीही नाव विचारेल, तेव्हा नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला नको, हा त्यांचा हेतू. पासपोर्ट काढलेले होते. एक निळी सूटकेस पलंगाखाली होती, तिच्यात दोघांचे लोकरीचे मोजेही होते. जायचं ठरलं की काहीतरी निघायचं. आधी सरांची आई अंथरुणाला खिळली, मग घराचं बांधकाम, मग निवृत्तीनंतर जाऊ, मग पुढच्या वर्षी. दर वेळी पासपोर्टची मुदत संपायची आणि सर नवा काढून आणायचे.

काकू ती वाक्यं तांदूळ निवडताना म्हणायच्या. दुसऱ्या बायका अभंग म्हणतात त्याच चालीवर, मिन्या झवूत मीरा, मिन्या झवूत मीरा.

आणि या बाईनं आपल्या नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. मला हे फार लागायचं. रेशनकार्डाचा माणूस आला आणि त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं, तर काकू दारावरच्या पाटीकडे बोट दाखवायच्या. हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी हात धरून ठेवायच्या, तरी हसून सुटायच्या. सरांना यात काही वावगं वाटत नव्हतं. जगातल्या प्रत्येक नावाची चौकशी करणाऱ्या माणसाला आपलं नाव आपल्या घरात कुणीच उच्चारत नाही, हे कधी जाणवलंच नसावं. आम्ही सगळे सर म्हणायचो. काकू अहो म्हणायच्या.

मग लोक येणं कमी झालं. मोबाइलला विचारलं की मोबाइल सांगतो, आणि पेढेही मागत नाही. सर पायरीवर बसून राहायचे. पिवळं कुत्रं असायचं शेजारी. काकूही त्याच सुमारास थोड्या विसरायला लागल्या होत्या. गॅस चालू राहायचा. भाजीत मीठ दोनदा पडायचं. सर म्हणायचे, वय झालं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी काकू एकट्याच इतवारीत गेल्या. नवा कुकर घ्यायचा होता. दुपार उलटली, परतल्या नाहीत. मोबाइल घरीच राहिला होता, देव्हाऱ्याशेजारी. मी कारखान्यातून आले तर सर दारात उभे, पायात दोन वेगवेगळ्या चपला. ते एकदा इतवारीत जाऊन हिंडून आले होते. भांडे ओळ म्हणतात त्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानात विचारलं होतं. हातगाड्यांच्या आणि टेम्पोंच्या गर्दीत मीरा, मीरा अशा हाका मारल्या होत्या. पोलीस चौकीतही गेले होते.

"चौकीत काय म्हणाले?" मी विचारलं.

"मीरा नावाची कुणी नाही म्हणाले. एक म्हातारी बाई आहे, पण ती दुसरी. तिचं नाव पंचफुला का काहीतरी. मी म्हटलं, ती नाही."

"सर," मी म्हटलं, "अहो सर, काकूच त्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. नाव आठवायला त्यांना वेळ लागला. मी तो सगळा वेळ त्यांच्या चेहऱ्यावर बघितला आणि तो बघायला मिळाला नसता तर बरं झालं असतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी पत्रिकेवर एकदा छापलेलं नाव, मांडवात तांदूळ पसरेपर्यंतच वापरात होतं. ते आत कुठंतरी तळाशी गेलेलं. ते वर आलं तेव्हा सर मटकन पायरीवर बसले.

मी रिक्षा केली. काकू चौकीतल्या बाकड्यावर बसल्या होत्या, कुणीतरी दिलेला चहा हातात तसाच थंड झालेला. शिपाई सांगत होता, "नाव विचारलं का एकच सांगतात, पंचफुला. बाप उमरेडकडं माग चालवतो म्हणतात." सर खिडकीशी येऊन मीराबद्दल विचारून गेले तेव्हा काकू तिथंच, भिंतीच्या आतल्या बाजूला बसलेल्या होत्या. सरांचा आवाज त्यांनी ऐकला असेल का, हे मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर काकू भराभर उतरत गेल्या. वाक्यं एकेक करून गळाली. आधी रशियन गेलं, मग जर्मन, मग इटालियन. मे यामो बरेच दिवस टिकलं, पण पुढचं मीरा आठवायचं नाही. मे यामो म्हणून त्या थांबायच्या आणि शेजारच्याच्या तोंडाकडे बघायच्या. सर लगेच पुरवायचे, "मीरा." काकू मान हलवायच्या, दुसऱ्या कुणाची ओळख करून दिल्यासारखी.

आणि हाकेला ओ देणं थांबलं. सर दारातून हाक मारायचे, पलंगाशी जाऊन मारायचे, कानाशी वाकून मारायचे. मीरा. सगळ्या देशांतले उच्चार करून बघायचे, कुठं र जिभेवर घोळवून, कुठं म लांबवून. काकू भिंतीकडे बघत असायच्या. एकदा बायकोनं आपल्या हाकेला मान वर करावी, एवढीच त्या माणसाची इच्छा उरली होती. जेवण, औषध, झोप, सगळं त्या एका गोष्टीपुढं बाजूला पडलं होतं. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी सांगितलं, जुनं काहीतरी वापरून बघा, लहानपणीचं नाव, गाणं. मी मान डोलावली. सरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"एकदा हाक मारून बघा ना त्या नावानं," मी जिन्यात त्यांना गाठून म्हटलं. मला राग आला होता. "तुमचं काय जातंय?"

"ते नाव मी कधी घेतलंच नाही," ते म्हणाले. आणि मग, माझ्याशी आजवर एकदाही न बोललेल्या बोलीत, जी बहुधा त्यांच्या बापाच्या मागाशेजारची होती, "आता कोन्या तोंडानं घेऊ गा मी?" मला गा म्हणाले. बाईला वं म्हणतात, हे त्या भाषापंडिताला त्या क्षणी सुचलं नाही. मी त्यांच्याशी भांडायचं थांबले.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. ऊन तापायला लागलं होतं. स्वयंपाकघरात ते पितळी ताट घेऊन उभे होते, आणि तांदळाच्या डब्याचं झाकण त्यांना उघडत नव्हतं. मी उघडून दिलं. त्यांनी ताटात तांदूळ ओतले, तळहातानं सारखे केले. मग बोटातली अंगठी काढायला गेले. ती निघेना. बोटं सुजली होती. साबण लावून, पाण्याखाली धरून मी ती काढली. इतक्या वर्षांची बोटाला बसलेली अंगठी, खाली कातडी पांढरी फटक पडलेली.

ताट टेबलावर ठेवून त्यांनी लिहायला सुरुवात केली. पंचफुला हे नाव लांब आहे, ताटात मावेना. त्यांनी तांदूळ पुन्हा सारखे केले आणि बारीक अक्षरांत पुन्हा लिहिलं. युरोपातल्या एकाही भाषेत या नावाचा काही अर्थ होत नाही, हे मला माहीत होतं, आणि त्यांना तर होतंच.

काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. सरांनी ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारच्या स्टुलावर बसले. घसा साफ केला.

"पंचफुला."

काकूंनी मान वर केली.

मी दारात उभी होते. त्या सरळ सरांकडे बघत होत्या. डोळे स्वच्छ होते. कित्येक महिन्यांत असे डोळे मी बघितले नव्हते. सरांच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात काकूंनी हात वर नेऊन पदर डोक्यावर ओढला. अनोळखी पुरुष घरात आला की पोरी ओढतात तसा, कपाळापर्यंत.

"बाबा घरी नाहीत," त्या म्हणाल्या. "सूत आनाले उमरेडले गेले."

सरांनी स्टूल थोडं मागं सरकवलं.

"काही काम होतं का? नाव काय तुमचं?"

आयुष्यभर जो प्रश्न त्यांनी सगळ्या जगाला विचारला, तो त्यांना विचारणारं पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं. त्यांनी हळू आवाजात नाव सांगितलं. फक्त नाव, आडनाव नाही.

काकूंनी ते म्हणून पाहिलं. लक्षात राहावं म्हणून पुन्हा एकदा म्हटलं, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून. त्यांच्या तोंडून ते नाव त्या घरात पहिल्यांदा ऐकू आलं. "सांगतो मी बाबाले आल्यावर, हे हे आलते म्हून," त्या म्हणाल्या, आणि मांडीवरच्या ताटाकडे त्यांचं लक्ष गेलं. तांदूळ दिसल्यावर बोटं आपोआप चालू झाली. त्यांनी एका कडेनं निवडायला घेतलं. आधी 'ला' पुसला गेला, मग 'फु', मग बाकीचं.

सर त्या बोटांकडे बघत बसले. अंगठी त्यांच्या मुठीत होती. मग त्यांनी विचारलं, "थांबू का मी?"

"थांबा," काकू ताटातून मान वर न करता म्हणाल्या. "पन बाहेर वसरीत बसा. घरात कोनी नाही."

सर उठले. दारात मी बाजूला झाले. ते बाहेर गेले आणि आपल्याच घराच्या पायरीवर, त्या पिवळ्या कुत्र्याशेजारी जाऊन बसले.